35 गुंठ्यांतलं रान काढायला कुठलं मशीन घ्यावं?

कातळकाठ
मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

गावी संगमेश्वर तालुक्यात आमच्या वाट्याला 35 गुंठे आलेत. वरचा निम्मा भाग उताराचा, खाली थोडं सपाट आणि मग पऱ्या (ओढा). बाबांनी लावलेली 22 हापूस कलमं, 40 काजू, बाकी सगळं रान. मी पुण्याला असतो, महिन्यातून एखादी चक्कर होते. इतकी वर्षं वाडीतले एक काका दोन गडी घेऊन कोयत्याने बेणणी, म्हणजे गवत-झुडपं कापून साफसफाई, करून द्यायचे, आता त्यांना होत नाही आणि गडी मिळत नाहीत. गेल्या वर्षी आज करू उद्या करू म्हणता म्हणता बेणणी राहिलीच आणि फेब्रुवारीत शेजारच्या सड्यावरून (कातळाच्या माळावरून) वणवा आला, गडगा (दगडी कुंपण) ओलांडून आत शिरला, नऊ काजू गेले. बाबा काही बोलले नाहीत पण जळक्या खोडांना हात लावत फिरत होते, ते बघवलं नाही.

तर यंदा गवत कापायचं मशीन घ्यायचंच असं ठरवलंय. बजेट तीसेक हजार. ऑनलाईन बघितलं तर आठ हजारापासून पन्नास हजारापर्यंत काहीही आहे, टू स्ट्रोक फोर स्ट्रोक, साईड पॅक (पट्ट्याने बाजूला अडकवायचं), बॅक पॅक (पाठीवर घ्यायचं), डोकं फिरलं. पॉवर वीडर घ्यावा असंही एकजण म्हणाला. गवत आत्ता कमरेच्या वर आहे, मधे मधे रानमोडी आणि घाणेरी. कुणी वापरलंय का?

दूरदेशी_दत्तू
इकडे ओंटारियोत आम्ही सगळे राईड-ऑन मोअर वापरतो, अर्ध्या तासात बॅकयार्ड साफ. भारतात मिळत नाही का?

काजूबी
दत्तूदादा, ते लॉनसाठी असतं हो, वीतभर गवत आणि सपाट जमीन. कातळावर खड्डे, जांभ्याचे धोंडे, वारुळं आणि छातीएवढं गवत असतं तिथे ते चार फूट जाईल आणि बसेल.

कातळकाठ, आमचं लांज्याजवळ तीन एकर काजू आहे, मीच बघते. सरळ सांगते, आधी मशीनवाला लावून बघा. आमच्याकडे ग्रास कटरवाला दिवसाला हजार-बाराशे घेतो, पेट्रोल आपलं. चांगला असेल तर दिवसाला पंधरा-वीस गुंठे उरकतो, म्हणजे तुमचं काम दोन दिवसांचं. वर्षातून दोनदा काढलं तरी पाच-सहा हजारात भागेल. तीस हजाराचं मशीन मांगरात (रानातल्या खोपटात) वर्षभर धूळ खात पडणार, त्यापेक्षा हे बरं नाही का?

कातळकाठ
हे मी केलं ना ताई! गेल्या वर्षी तिघांना सांगून ठेवलं होतं, तिघेही "येतो" म्हणाले. गणपतीनंतर सगळ्यांनाच मशीनवाला हवा असतो, दसऱ्यापर्यंत एकही मोकळा नाही आणि मी काय रोज तिथे जाऊन उभा राहणार नाही. शेवटी जो आला तो दिवाळीनंतर, एक दिवस केलं आणि अॅडव्हान्स घेऊन गेला तो गेलाच.

मालवणी_मसाला
तां सगळां ऱ्हवांदे. मशीन चालवतलो कोण तां सांग आधी. तू काय तुझो गडी?

कातळकाठ
मीच. आणि मी नसेन तेव्हा वाडीतला एक मुलगा आहे, बारावी झालाय, बाईक दुरुस्त करतो, त्याला शिकवेन म्हणतो.

मेकॅनिकल_बाबू
मग हा प्रश्न निम्मा सुटला. चालवणारे दोघं असतील आणि त्यातला एक पुण्याचा साहेब असेल तर फोर स्ट्रोक घ्या, डोळे झाकून. कारण सांगतो. टू स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं, कुठल्या मशीनला लिटरला 20 मिली, कुठल्याला 40, ते मॅन्युअलमध्ये बघायचं असतं आणि मॅन्युअल पहिल्या दिवशीच हरवतं. फोर स्ट्रोकला साधं पेट्रोल, ऑईल वेगळं. होंडाचं जीएक्स 35 इंजिन सगळीकडे दिसतं, 35.8 सीसी, त्यात ऑईल लागतं जेमतेम 100 मिली. आडवं-तिडवं धरलं तरी चालतं. जरा जड असतं आणि पिकअप टू स्ट्रोकसारखा झटक्यात नसतो, पण गवताला तेवढं पुरतं.

टू स्ट्रोक वाईट नाही हां. स्टिल (Stihl) कंपनीची मशीनं डोंगरात वर्षानुवर्षं चालताना बघितलीत, रोज आठ तास धंदा करणारे तीच घेतात. पण ते त्याला पोटच्या पोरासारखं जपतात.

काजूबी
+१, आणि आमचीच कथा ऐका. आमचं पहिलं मशीन टू स्ट्रोक होतं. मी मिक्स करून बाटलीत भरून, वर खडूने फुली मारून ठेवायचे. एक दिवस मी तालुक्याला गेले, बाटली संपली, गड्याने बाईकमधलं पेट्रोल काढून ओतलं. चाललं की! तासभर छान चाललं म्हणे, नेहमीपेक्षा धूर पण कमी. मग आवाज बदलला, चिरकला आणि बंद. पिस्टन जाम. सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं तर शिसपेन्सिलीच्या रेघांसारखे ओरखडे. दुरुस्ती जवळजवळ निम्म्या किमतीला गेली. गड्याला काय बोलणार, पेट्रोलवर चालतं असं मीच सांगितलं होतं त्याला.

रिकामा_डबा
एवढं कशाला? तणनाशक मारा, एका दिवसात पंप मारून मोकळं. लोक उगाच मशीन मशीन करतात.

ओसाडवाडी
डबेसाहेब, त्याचा प्रॉब्लेम वणवा आहे. तणनाशकाने गवत मरतं पण उभंच राहतं, दोन आठवड्यांत कडकडीत वाळलेलं, ऑक्टोबरातच काडेपेटीला तयार. म्हणजे फेब्रुवारीत येणारा वणवा तुम्ही चार महिने आधी आमंत्रण देऊन बोलावला. शिवाय खाली पऱ्या आहे, पाणी त्यातनं वाडीत जातं. आणि ग्लायफोसेट नावाचं तणनाशक तुमच्या मनात असेल तर त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच करावा अशी अधिसूचना केंद्राने 2022 मध्ये काढलीय, दुकानात काय मिळतं ते सोडा.

पॉवर वीडर पण नको. तो गवत कापत नाही, जमीन उकरतो. उतारावरची वीतभर माती मोकळी केलीत की पुढच्या पावसात ती पऱ्यात. सपाट भाजीच्या प्लॉटला ठीक.

पेंढीवाला
आमी घाटावरचे, पाटण तालुका. एक इचारतो, ते कापलेलं गवत काय करणार? आमच्याकडं गवत म्हंजी वैरण, ते कुजवायचं न्हाई. मशीनला पात्याऐवजी फिरणारी नायलॉन दोरी लावून कापलं तर गवताचा भुगा हुतो, मातीत मिसळतो, जनावर तोंड लावत न्हाई. आणि त्या तंगुसाचे बारीक तुकडे तुटून पडत्यात ते गवतातनं जनावराच्या पोटात जात्यात, ते लई वाईट. वैरणीसाठी कापायचं आसंल तर गोल करवतीवानी बारीक दात्याचं पातं लावा, गवत बुडातनं कापतं आन एका अंगाला आडवं पडतं, पेंढ्या बांधता येत्यात. सपाट रान मोठं आसंल तर पुढं कात्रीवानी पातं आसलेलं रीपर भारी, वळीनं गवत झोपवत जातं. पर तुमच्या उताराला आन कलमांच्या मधनं ते जमायचं न्हाई.

कातळकाठ
गुरं आमच्याकडे नाहीत. शेजारच्या वाडीत एकांच्या दोन म्हशी आहेत.

पेंढीवाला
मग त्यास्नीच इचारा की! खालचं सपाटीचं गवत कापून न्या म्हणावं फुकट. तुमचं निम्मं काम झालं.

मेकॅनिकल_बाबू
पातं आणि दोरीचं पेंढीवाल्यांनी बरोबर सांगितलं, त्यात भर. दोन्ही लागणार. कोवळं गवत, बांधाच्या दगडांजवळ, पाईपजवळ दोरीचं हेड, म्हणजे दगडाला लागलं तरी दोरीच तुटते. रानमोडी, घाणेरी, जाड दांड्याच्या गवताला पातं, तीन दातांचं किंवा बारीक दात्याचं. पण कलमाच्या बुंध्याजवळ दोन्ही नको!! दोरी मऊ असते म्हणून लोक बिनधास्त खोडाला लावतात आणि ती गोल गोल साल सोलून काढते. कोवळं झाड असेल तर साल सगळीकडून गेली की झाड गेलं, चार महिन्यांनी पानं सुकली की लोक म्हणतात कीड लागली. बुंध्याभोवती हातभर जागा कोयत्याने किंवा विळ्याने.

आणि पातं डावीकडे फिरतं, वरून बघितलं तर घड्याळाच्या उलटं. म्हणून उजवीकडून डावीकडे झोकताना कापायचं, परत येताना मोकळं यायचं. कापलेलं सगळं डाव्या हाताला पडतं, तिकडे ओळ लागते. पात्याची समोरची उजवी बाजू खुंटाला लागली तर मशीन झटका देऊन उजवीकडे मागे येतं, हे पहिल्याच दिवशी त्या मुलाला मुद्दाम दाखवून ठेवा, म्हणजे मशीन बंद करून दाखवा, चालू ठेवून नव्हे :)

ओसाडवाडी
मला एक वेगळंच विचारायचंय. पूर्ण 35 गुंठे कापायची गरज काय?

तुम्ही हिशोब करताय तो काकांच्या बेणणीचा, म्हणजे गडग्यापासून गडग्यापर्यंत सगळं साफ. पण तुमचं दुखणं काय, तर आग आत येऊ नये आणि झाडापर्यंत पोचू नये. वनखातं जंगलात जाळपट्टे काढतं, सगळं जंगल झाडून काढत नाही. गडग्याच्या आतून 12 फुटांचा पट्टा चहूबाजूने, आणि प्रत्येक झाडाभोवती पाच फुटांचं गोल. मधलं गवत उभं राहू दे, उतारावर तर माती धरून ठेवतं. काजूखाली बी पडायच्या आत, जानेवारीत वगैरे, तेवढं साफ करा म्हणजे वेचता येईल.

मेकॅनिकल_बाबू
ओसाडवाडी, क्या बात! थांबा, आकडे टाकतो. 35 गुंठे म्हणजे 38 हजार चौरस फूट. चौकोनी धरलं तर बाजू साधारण 195 फूट. 12 फुटी पट्टा चारी बाजूंनी म्हणजे 8 गुंठे. 62 झाडं (नऊ गेली ती धरून का वजा करून?), पाच फूट त्रिज्येचं गोल 78 चौरस फूट, म्हणजे साडेचार गुंठे. एकूण साडेबारा. एका धडधाकट माणसाचं दीड-दोन दिवसांचं काम, नवशिक्याचं चार.

कातळकाठ
नऊ गेलेले वजा करून 53. जागा काही चौकोनी नाही, पोपटाच्या चोचीसारखी आहे, पण मुद्दा कळला. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. काका सगळं साफ करायचे म्हणून सगळं साफ करायचं असतं असंच वाटत होतं.

काजूबी
एक मोठा पण आहे. पट्ट्यात कापलेलं गवत तिथेच पडू दिलंत तर तो पट्टा नाही, ती वात झाली. ओढून काढायला हवं. दाताळ्याने ओढा आणि झाडांच्या आळ्यात घाला, उन्हाळ्यात ओल टिकते, पण खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. आणि दोनदा करा, एकदा गणपतीच्या आसपास गवत कोवळं असताना, मग दसरा-दिवाळीत. पहिल्या वेळी कापलं की दुसऱ्यांदा गुडघ्याएवढंच येतं. एकदाच करायचं म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर रानमोडीचं लाकूड झालेलं असतं.

मालवणी_मसाला
बॅकपॅक की साईड पॅक तां कोणी सांगूक नाय अजून. बॅकपॅक घेव नको. पाठीर इंजिन घेतल्यार हाताक हलक्या वाटता खरा, उताराक पण बरा. पण गांधीलमाशी उठली की कळता! माझ्या चुलत्यान गांधीलमाश्यांचा घोटा (पोळा) उठवल्यान, पाठीवरचां मशीन काढता काढता अकरा डसले. साईड पॅकाचो पट्टो एका झटक्यात सुटता, टाकायचा आणि धावायचा.

ओसाडवाडी
गांधीलमाशीवरून आठवलं, फुरसं. आवाजाने साप पळून जातात म्हणतात, फुरसं पळेलच असं नाही, ते तिथेच वेटोळं घालून अंगावर अंग घासत खरखर आवाज करत बसतं आणि मशीनच्या आवाजात तो इशारा तुम्हाला ऐकू येत नाही. पायात जाड गमबूट, हे चालणार नाही ते चालणार नाही करू नका. आधी काठीने गवत झोडपत एक चक्कर मारा, धोंडे, तारा, ठिबकची नळी, घोटं सगळं तेव्हाच दिसतं.

मेकॅनिकल_बाबू
डोळ्याला गॉगल, तोंडाला जाळी, पोटरीला गार्ड. पंधरा मीटरच्या आत कुणी उभं राहायचं नाही, विशेषतः बघायला जमणारी पोरं. जांभ्याचा खडा बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो. आणि डिसेंबरनंतर वाळलेल्या गवतात पातं लावू नका, धोंड्याला लागलं की ठिणगी, गरम सायलेन्सर गवतावर टेकला की तेही निमित्त. वणवा अडवायला गेलात आणि तुम्हीच लावलात असं नको.

रिकामा_डबा
सबसिडी असते ना याला? फुकटात मिळत असेल तर...

काजूबी
फुकट नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करायचा, अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना 50 टक्के, बाकीच्यांना 40, त्याला वर मर्यादा. आता फार्मर आयडी पण लागतो. मुख्य म्हणजे पूर्वसंमती यायच्या आधी मशीन विकत घेऊन बिल फाडलंत तर अनुदान विसरा.

कातळकाठ
सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि खाली चौदा वारस, त्यातले तीन कुठे असतात ते कुणालाच माहीत नाही. अनुदानाचं सोडून देतो.

मेकॅनिकल_बाबू
मग घ्यायच्या आधी एकच करा. देवरुख, संगमेश्वर, रत्नागिरी जिथे जवळ पडेल तिथल्या दुकानात जाऊन विचारा की कार्ब्युरेटरचं किट, क्लच, गिअर हेड, स्टार्टरची दोरी आत्ता कपाटात आहे का. "मागवून देतो" म्हणाला की उठा. ऑनलाईनचं आठ हजारवालं वाईटच असतं असं नाही, पण बिघडलं की गणपतीनंतर तुम्ही पार्टची वाट बघत बसणार आणि गवत वाट बघत नाही.

---

कातळकाठ
अपडेट द्यायला दोन महिने उशीर झाला, सॉरी.

फोर स्ट्रोक साईड पॅक घेतलं, जीएक्स 35 वालं, सायकल हँडलचं. गॉगल, जाळी, गमबूट, पोटरीचे गार्ड, तीन दातांचं पातं, बारीक दात्याचं पातं, दोरीचं हेड धरून एकतीस हजाराच्या आत बसलं. म्हशीवाल्यांना विचारलं, ते आणि त्यांची बायको आठ दिवस येऊन खालच्या सपाटीचं गवत विळ्याने कापून घेऊन गेले, उलट जाताना दोन लिटर दूध देऊन गेले. म्हणजे तिकडच्या पट्ट्याला मशीन लागलंच नाही.

वरचा पट्टा मी आणि तो मुलगा दोघांनी मिळून साडेतीन दिवसांत काढला. पहिल्या दिवशी मी दोन गुंठे जेमतेम केले असतील. मी मशीन हाताने उचलून चालवत होतो, पट्टा नीट लावलाच नव्हता, तो मुलगा म्हणाला दादा, हुक कमरेच्या वर आलाय, खाली घ्या. खाली घेतल्यावर पातं आपोआप जमिनीपासून चार बोटं वर तरंगायला लागलं आणि मग नुसतं कमरेतून वळायचं होतं. संध्याकाळी चहाची कपबशी हातात धरवेना, बशी वाजत होती, आई हसत होती. मुलगा तिसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने करत होता, टाकीत सहाशे-साडेसहाशे मिली पेट्रोल बसतं तेवढ्यात त्याचे दोन गुंठे होतात, माझा सव्वा. रोज देऊन पुढच्या वर्षी त्यालाच सांगणार आहे आणि मधल्या दिवसांत मशीन त्याने बाहेर चालवावं, पेट्रोल-दोरी त्याची, मला काही नको, फक्त दसऱ्याच्या आधी माझे चार दिवस राखून ठेवायचे असं ठरलंय.

चूक एक झाली. बाबा खाली कोयत्याने कलमांच्या बुंध्याशी साफ करत होते आणि मी पंधरा मीटर वगैरे विसरून जवळ गेलो, खडा उडाला तो त्यांच्या डब्याच्या झाकणावर. झाकणाला पोचा आलाय. बाबा काही बोलले नाहीत, डबा उचलून फणसाखाली जाऊन बसले.

काजूंच्या नऊ खड्ड्यांपैकी सहा जागी नवीन कलमं लावलीत. आता प्रश्न, मशीन जूनपर्यंत तसंच पडणार, काय करून ठेवू?

मेकॅनिकल_बाबू
टाकी पूर्ण रिकामी करा. मग स्टार्ट करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पण संपेल. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, सहा महिने ठेवलंत तर जूनमध्ये रश्शी ओढून खांदा निखळेल. ऑईल बदला, 100 मिलीच तर लागतं. गिअर हेडचा स्क्रू काढून ग्रीस भरा. पातं काढून तेलाचा बोळा फिरवा, आणि टांगून ठेवा, उंदीर लागतात.

काजूबी
आणि मांगरात नको, घरात ठेवा. आमचं मांगरातून गेलं होतं.